दोन बाप्तिस्मे, एक संसार

१

दिवाळीच्या चार दिवसांत घराचे खरे रूप दिसते. एरवी प्रत्येक जण आपापल्या वाटेने जात असतो. पण अभ्यंगस्नानाला, लक्ष्मीपूजनाला आणि भाऊबिजेच्या ओवाळणीला सगळ्यांना एका छपराखाली यावे लागते व एकाच समईच्या उजेडात बसावे लागते. घराचा देव एक, कुळाचार एक आणि पंगत एक, ही कुटुंबाची व्याख्या आपल्याकडे फार जुनी आणि फार मुरलेली आहे. तिच्यावाचून कुटुंब टिकू शकेल असे सहसा कोणाच्या मनातही येत नाही.

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातील काही घरांपुढे मात्र हा प्रश्न उभा राहिला. घरातला मुलगा, कधी घरचा कर्ता पुरुषच, एके दिवशी ख्रिस्ती होऊन येई. अशी माणसे संख्येने थोडी होती. परंतु एकेका बाप्तिस्म्याने अख्खे गाव ढवळून निघे. त्या काळची वर्तमानपत्रे, पत्रके आणि वादविवाद चाळले की धर्मतत्त्वांची चर्चा भरपूर सापडते. ख्रिस्त मोठा की कृष्ण, वेद खरे की बायबल, यावर दोन्ही बाजूंनी रीमच्या रीम कागद खर्ची पडला आहे. त्या गदारोळात एक गोष्ट मात्र फारशी ऐकू येत नाही. स्वयंपाकघरात चुलीपुढे बसलेल्या बाईचे पुढे काय झाले?

ते सांगणारे एक पुस्तक सुदैवाने मराठीत आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ठाऊक नाही असा मराठी वाचक विरळा. त्यांतील विनोदाचे आणि निर्मळ भाषेचे कौतुक पुष्कळ झाले आहे व ते योग्यच आहे. मला मात्र ह्या पुस्तकाकडे आज वेगळ्या कामासाठी जायचे आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा आणि लक्ष्मीबाईंचा १९०० सालचा. मधली जवळजवळ पाच वर्षे हा माझा विषय आहे. त्या पाच वर्षांत एक मोडलेला संसार पुन्हा उभा राहिला, आणि तो उभा राहताना दोन माणसे वयाने नव्हे तर आतून मोठी झाली.

२

ह्या पाच वर्षांचे मोल कळायला त्यापूर्वी काय घडत असे ते थोडे पाहिले पाहिजे.

१८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री नावाच्या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली, आणि मुलगा अज्ञान म्हणून न्यायालयाने तो त्यांच्या हवाली केला. पण खरा पेच पुढेच होता. परत आलेल्या ह्या पोराला पंक्तीला घ्यायचे की नाही? बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला शुद्ध करून घ्यावे असा पक्ष उचलला. सनातनी मंडळी त्याविरुद्ध उभी राहिली आणि मोठा कलह माजला. बापाला मुलगा हवा होता, न्यायालयाने तो दिलाही होता. तरी त्याच्या पानाची जागा जातीच्या हाती होती.

बाबा पदमनजींचे नाव ‘यमुनापर्यटन’ ह्या १८५७ सालच्या पुस्तकामुळे आपल्याला परिचयाचे आहे. विधवांच्या दुःखासाठी लेखणी झिजवणाऱ्या ह्या माणसाने १८५४ साली बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांची पत्नी त्यांच्याबरोबर नांदायला आली नाही. त्या मुलीची बाजू कोणी लिहून ठेवलेली मला आढळली नाही.

अशा घरांसाठी सरकारने दोन कायदे केले. १८५० च्या कायद्याने धर्म किंवा जात सुटल्यामुळे वारसाहक्क बुडणार नाही असे ठरवले. १८६६ च्या कायद्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाला असा मार्ग मोकळा करून दिला, की केवळ धर्मांतराच्या कारणावरून जोडीदार नांदायला येत नसेल, तर न्यायालयाकडून विवाह मोडून घ्यावा आणि दुसरा करावा. ह्यामागे बायबलातील एक जुना विचारही होता. करिंथच्या मंडळीला लिहिताना पौलाने सल्ला दिला आहे की जोडीदार ख्रिस्ती नसला तरी तो नांदायला राजी असेल तर त्याला सोडू नये. तो आपण होऊन निघून जात असेल तर जाऊ द्यावे. त्या सल्ल्यातला दुसरा भाग कायद्याला चटकन उचलता आला. राजी होईपर्यंत वाट किती पाहायची, हे काही कायद्याच्या कलमात बसत नाही.

हिंदू बाजूलाही तोड होतीच. पतित माणसाच्या नावाने घट फोडायचा आणि तो मेला असे समजून मोकळे व्हायचे, हा घटस्फोटाचा विधी धर्मशास्त्रात सांगितलेला आहे. हाच शब्द पुढे नवराबायकोच्या फारकतीसाठी मराठीत रूढ झाला, ह्यात भाषेनेच सगळा इतिहास सांगून टाकला आहे. थोडक्यात, तोडण्याच्या वाटा दोन्हीकडे तयार होत्या. जोडण्याची वाट कुठल्याच पोथीत लिहिलेली नव्हती. ती ज्याची त्याने पाडायची होती.

३

आता ज्या दोघांनी ती पाडली ते कोण होते?

नारायण वामन टिळक मूळ रत्नागिरी जिल्ह्यातले, करजगावचे. आईवर त्यांचा जीव होता, बाप कडक. आई गेल्यावर हा मुलगा घर सोडून नाशिकला आला आणि गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ संस्कृत शिकला. बुद्धी तल्लख, वाणी रसाळ, कवित्व उपजत आणि पाय एका जागी न ठरणारा. आज इथे शाळामास्तर तर उद्या तिथे पुराणिक, परवा कुठे गेला त्याचा पत्ता नाही. हातात चार रुपये आले की ते समोर येईल त्या गरजूचे. अशा माणसाबद्दल दुरून कौतुक वाटते. त्याच्या घरात पीठमीठ पुरवणाऱ्या बाईला विचारले तर उत्तर निराळे मिळेल. लक्ष्मीबाईंनी ते मोकळेपणाने दिले आहे, आणि तरी नवऱ्याबद्दलचा आदर तसूभर कमी होऊ दिलेला नाही.

लक्ष्मीबाई माहेरच्या मनकर्णिका गोखले. जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. त्यांच्या आईचे वडील १८५७ च्या बंडात फासावर गेले. त्या धक्क्यातून त्यांच्या वडिलांना सोवळ्याओवळ्याचे असे वेड लागले की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याखेरीज घरात येत नसे. माणसाची सावली, माणसाचा शब्द, माणसाचा स्पर्श, सगळ्याचा विटाळ. लक्ष्मीबाई ही हकिगत हसत हसत सांगतात. पण त्या हसण्याखाली एका घाबरलेल्या घरातले बालपण आहे. बाहेरचे जग घाणेरडे आहे, आणि पाणी ओतत राहिल्यानेच आपण त्यापासून वाचू, ही शिकवण त्या मुलीला अक्षरओळखीच्या आधी मिळाली. अक्षरओळख तर फार पुढची गोष्ट. शाळेचे तोंड तिने पाहिले नाही. थोडेफार वाचायला-लिहायला शिकवले ते लग्नानंतर टिळकांनी, तेही घरी असतील तेव्हा.

१८८० साली लग्न झाले तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची होती. काही मुले झाली आणि गेली. १८९१ साली झालेला दत्तू तेवढा वाढला. त्या सुमारास टिळक नागपूरला आप्पासाहेब बुटी ह्या धनिकाच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम करीत होते, आणि धर्माविषयी त्यांच्या मनात मोठी खळबळ चालू होती. जातिभेद त्यांना डाचत होता. नवा धर्मच का काढू नये, इथपर्यंत त्यांची मजल गेली होती.

४

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांना एक गोरा प्रवासी भेटला. संस्कृत काव्यावर बोलणे निघाले, त्यातून धर्मावर आले, आणि उतरताना त्या अनोळखी माणसाने नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हातात ठेवली. तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही त्याने केले. टिळकांनी ते हसण्यावारी नेले. पण शब्द दिला म्हणून वाचायला लागले. डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तिथे गुंतले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत भायखळ्याच्या अमेरिकन मिशनच्या मंदिरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. भाकीत सुमारे दोन वर्षांतच खरे झाले.

इथवरची कथा मिशनरी चरित्रांतून नेहमी येते आणि बहुधा इथेच तिचा कळस होतो. माझ्या मते ती खरी सुरू होते ती इथून. कारण हा बाप्तिस्मा झाला तेव्हा लक्ष्मीबाई तिथे नव्हत्या. त्यांना ती बातमी दुसऱ्यांकडून कळली. वय सव्वीस, पदरी तीन-चार वर्षांचे पोर आणि हातात विद्या नाही. कपाळी कुंकू आहे पण नवरा जातीच्या लेखी मेलेला. सवाष्ण म्हणून ओटी भरावी तर बायका कचरणार, विधवा म्हणावे तर नवऱ्याचे पत्र कालच आलेले. असे हे चमत्कारिक बायकोपण त्यांच्या वाट्याला आले. त्या दुःखाने त्या वेड्यापिशा झाल्या. नातलगांनी सांभाळले, नणंद आणि तिचे यजमान यांच्या आधाराने काही काळ पंढरपूरला काढला. त्या काळातच त्यांच्या हातून कविता उतरू लागली, हे इथे नोंदवले पाहिजे. ज्या बाईला आपले नाव लिहिताना अडखळायला होई, तिने दुःखाला ओळींत बसवले.

टिळकांची बाजूही पाहू. कायद्याने त्यांना मोकळे होता आले असते. नवा समाज, नवे काम, नगरला मिशनच्या विद्यालयात शिकवण्याची जागा, सारे मिळाले होते. दुसरे लग्न करण्यासाठी त्यांना एक अर्ज पुरेसा होता. त्यांनी तो केला नाही. ते पत्रे लिहीत राहिले, भेटी मागत राहिले, वाट पाहत राहिले. बाप्तिस्मा घेताना बायकोला न विचारणारा हा उतावळा पुरुष आता तिच्या मनाच्या चालीने चालायला शिकत होता. माझ्या दृष्टीने टिळकांच्या ख्रिस्ती आयुष्याचा पहिला मोठा धडा भायखळ्याच्या मंदिरात झाला नाही; तो ह्या वाट पाहण्यात झाला.

शेवटी लक्ष्मीबाई नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, आल्या. पण स्वतःच्या अटींवर. बिऱ्हाड वेगळे, चूल वेगळी, सोवळे जसेच्या तसे. नवरा ख्रिस्ती, बायको कर्मठ ब्राह्मण आणि मधे हिंडणारा लहानगा दत्तू. असा संसार त्या काळच्या शहाण्यांना हास्यास्पदच वाटला असणार. दोन्हीकडचे लोक टपून होते. सनातन्यांना वाटे, ही बाटणार. मिशनच्या मंडळींना वाटे, कधी एकदा हिचे डोके ठिकाणावर येते. टिळकांनी कोणाचेच ऐकले नाही. बायकोच्या पाण्याच्या घागरीला त्यांनी कधी मुद्दाम शिवून पाहिले नाही. आपल्या घरांतून देवाच्या नावाने जे लहानमोठे जुलूम चालतात ते आठवले की ह्या संयमाची किंमत कळते.

५

मग एके रात्री ते घडले. लक्ष्मीबाईंनी ते इतक्या साधेपणाने सांगितले आहे की घाईने वाचणाराच्या नजरेतून सहज निसटावे. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या मनात आले, ही जात केली कोणी? देवाने केली म्हणावे तर पशुपक्ष्यांत त्याने आकाराने, रंगाने भेद केला तसा माणसांत दिसायला हवा होता. माणसांत त्याने दोनच भेद केलेले दिसतात, बाई आणि पुरुष. तेव्हा उरलेले सारे माणसाचे. माणसाने केलेले माणसाने मोडायला हरकत काय? रात्रभर हा हिशेब चालला, आणि सकाळी उठल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे पाणी प्यायचे ठरवले.

ह्या रात्रीत ख्रिस्त नाही, बायबल नाही, मिशनरी नाही आणि नवराही नाही. आहे ती एका न शिकलेल्या बाईची स्वच्छ बुद्धी. जिच्या बापाने बाजारचा जिन्नस धुऊन घेतल्याशिवाय घरात येऊ दिला नाही, तिने एका रात्रीत ते सगळे पाणी ओतून दिले. नवऱ्याला ख्रिस्त आधी भेटला आणि मग जात सुटली. बायकोची जात आधी गेली, तीही तिच्याच विचाराने, आणि ख्रिस्त मागाहून आला. दोघे एकाच मुक्कामाला पोहोचली, पण वाटा उलट्या होत्या. तिने नवऱ्याच्या पावलावर पाऊल ठेवले असते तर तो पतिव्रताधर्म झाला असता. श्रद्धा झाली नसती. आपल्याकडे ह्या दोन गोष्टींची गल्लत फार होते.

विचार बदलला म्हणून अंगवळणी पडलेले सोवळे एका दिवसात सुटत नाही. बुद्धी पुढे धावते आणि हात मागे राहतात. पण एकदा निवाडा झाल्यावर लक्ष्मीबाई हळूहळू त्याच्या मागे गेल्याच. १९०० साली राहुरीला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि दत्तूनेही. दत्तू तेव्हा नऊ वर्षांच्या आसपासचा होता. बापाच्या बाप्तिस्म्याबरोबर त्याला कोणी ओढून नेले नाही. आई आणि मुलगा बरोबर आली.

ख्रिस्ती ग्रंथांत प्रौढपणाचा विचार वारंवार येतो. दुधावर असलेले तान्हे मूल आणि सकस अन्न पचवणारा मोठा माणूस, असा दाखला पौल देतो. प्रवचनांतून ह्याचा अर्थ सहसा अधिक प्रार्थना, अधिक वाचन, अधिक नेम असा सांगतात. राहुरीच्या ह्या घराकडे पाहून मला वाटते की प्रौढपणाची एक साधी खूण आहे. आपल्या अगदी जवळच्या माणसाला, आपल्याला जे कळले ते अजून कळलेले नाही, ही गोष्ट न चिडता, न लाजता, न रेटता सहन करता येणे. टिळकांना ती पाच वर्षांत साधली. आणि ज्याच्यामुळे आपण इतके सोसले त्याचे म्हणणे केवळ त्याचे आहे म्हणून नाकारायचे नाही, हे लक्ष्मीबाईंना साधले. दुसरी गोष्ट पहिलीहून सोपी आहे असे मला मुळीच वाटत नाही.

६

पाच वर्षांत जे कमावले ते पुढे ह्या घराच्या वळणात उतरले. शतक संपता संपता जो भयंकर दुष्काळ पडला, ज्याला जुनी माणसे छप्पनचा दुष्काळ म्हणत, त्यात पोरकी झालेली मुले टिळकांनी घरात आणली. त्यांना न्हाऊमाखू घालणे, त्यांच्या उवा काढणे, त्यांना जेवू घालणे हे अर्थातच लक्ष्मीबाईंकडे. त्या मुलांची जात विचारणारे आता त्या घरात कोणी नव्हते. टिळकांचे औदार्य आणि लक्ष्मीबाईंचे कष्ट अशी ही वाटणी जन्मभर चालली. त्यावरून दोघांची भांडणेही झाली, आणि ती लपवलेली नाहीत. संतांच्या संसारातही मीठ संपते.

ह्याच घरात पुढे एक हिंदू मुलगा राहायला आला. १९०७ साली जळगावला पहिले कविसंमेलन भरले. त्यात त्र्यंबक बापूजी ठोमरे ह्या कोवळ्या पोराने आपल्या कवितेने साऱ्यांना थक्क केले आणि ‘बालकवी’ ही पदवी मिळवली. टिळकांनी त्याला आपल्याकडे नगरला आणले. ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणवले जाणारे टिळक आणि निसर्गाचे वेड लागलेला हा मुलगा यांचे गोत्र जुळायला वेळ लागला नाही. लक्ष्मीबाईंनी तर त्याला लेकरासारखे वागवले. बालकवी पाळकाच्या घरी राहिले आणि हिंदूच राहिले. १९१८ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षात, आगगाडीखाली सापडून त्यांचा अंत झाला, तेव्हा ह्या घराने पोटचे मूल गेल्याचे दुःख केले. आपल्या मताचा नसलेला मुलगा मांडीवर घेता येणे, ही कला ह्या घराने पाच वर्षे रक्त आटवून शिकलेली होती. ती ठोमऱ्यांच्या कामी आली, आणि त्यातून मराठी कवितेच्याही.

टिळकांच्या श्रद्धेचे स्वरूपही पालटत गेले. ख्रिस्ती झाल्यावर काही दिवस माणूस जुने सारे टाकून देतो. कपडे, भाषा, चालीरीती. टिळक उलट दिशेने गेले. ओवी, अभंग, भजन, कीर्तन ही महाराष्ट्राची आपली साधने त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणली. आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून, असे त्यांचे म्हणणे प्रसिद्ध आहे. त्यांची भजने मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत आजही टाळमृदंगावर म्हटली जातात. १८४२ पासून चालत आलेल्या ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी १९१२ पासून केले, आणि त्यातून त्यांचे ख्रिस्तभक्तीचे अभंग घराघरांत गेले.

१९१७ साली त्यांनी आणखी एक पाऊल उचलले. मिशनची पगारी चाकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यांच्या मनात असे एक बंधुमंडळ होते की ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र बसतील. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, साठवलेला पैसा नसताना हाती येणारा पगार सोडणे म्हणजे काय, हे संसारी वाचकांना सांगायला नको. पण मला ह्यात घराचाच पडसाद ऐकू येतो. ज्याने बाप्तिस्मा न घेतलेल्या पत्नीबरोबर संसार टिकवला, त्यालाच अशा दरबाराची कल्पना सुचावी. आधी त्याने ते घरात जगून पाहिले होते.

हा दरबार फार दिवस चालायचा नव्हता. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाला अग्नी देण्यात आला, आणि अस्थी नगरला नेऊन पुरण्यात आल्या. ख्रिस्ती पाळकाने चिता मागावी याचे तेव्हा अनेकांना नवल वाटले असेल. मला तो त्या आयुष्याचा सरळ शेवट वाटतो.

७

लक्ष्मीबाई त्यांच्यामागे सतरा वर्षे जगल्या. त्या मुंबईत मुलींच्या वसतिगृहावर देखरेख करीत राहिल्या, मुलाबरोबर कराचीला गेल्या, पुन्हा नाशिकला आल्या. देवदत्त, म्हणजे एके काळचा तो दत्तू, संपादक आणि लेखक झाला होता. वडिलांच्या चरित्रासाठी म्हणून त्याने आईला आठवणी लिहायला लावल्या. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ ह्या काळात चार भागांत निघाली. जी बाई जोडाक्षरांना भीत असे, तिचे पुस्तक मराठीच्या थोर आत्मचरित्रांत बसले. १९५० साली त्याचा इंग्रजी अवतार निघाला. २०१७ साली शांता गोखले यांनी ते पुन्हा नव्याने इंग्रजीत नेले.

ह्या पुस्तकात लक्ष्मीबाई नवऱ्याचा उल्लेख ‘टिळक’ असा करतात. त्या पिढीतील बायका ‘हे’, ‘इकडून’, ‘घरची मंडळी’ असे म्हणत. नाव घ्यायचे ते उखाण्यात. ‘टिळक’ म्हणण्यात सलगीही आहे आणि अंतरही आहे. जणू आपल्या बरोबरीच्या एका थोर पण अव्यवहारी माणसाबद्दल त्या बोलत आहेत. ही बरोबरी त्यांना कोणी दिली नाही. ती त्यांनी त्या रात्रीच्या विचाराने मिळवली आणि त्या पाच वर्षांच्या वेगळ्या चुलीने जपली.

आज घरांतून फाटाफूट होते ती धर्मांतरानेच होते असे नाही. मुलगा देव मानत नाही. सून दुसऱ्या धर्माची येते. बाप अचानक एखाद्या बुवाच्या नादी लागतो. आईला उपास सोडवत नाहीत आणि लेकीला ते बघवत नाहीत. दिवाळीच्या फराळाला एकत्र बसल्यावर हे विषय टाळण्याची एक युक्ती आपण सर्वांनी साधली आहे. टिळकांच्या घराने तो विषय टाळला नाही. त्यांनी चुली वेगळ्या केल्या, पण बोलणे बंद केले नाही. वाद झाले, पत्रे गेली, रडणे झाले, रुसवे झाले. मात्र कोणी कोणाच्या नावाने घट फोडला नाही.

टिळकांनी ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करायला घेतले होते. मराठीत ती परंपरा फादर स्टीफन्सच्या १६१६ सालच्या ‘ख्रिस्तपुराणा’पासूनची; टिळकांनी आपल्या ग्रंथाला ‘ख्रिस्तायन’ असे नाव दिले. सुमारे अकरा अध्याय लिहून झाले आणि मृत्यूने लेखणी थांबवली. लक्ष्मीबाईंनी ती वही उघडली आणि पुढचे चौसष्ट अध्याय रचले. १९३८ साली, त्या गेल्यानंतर दोन वर्षांनी, ग्रंथ छापून निघाला. आरंभ त्याचा, आणि त्याच्या जवळजवळ सहापट काम तिचे.